मारायचे नाही आणि सोडायचेही नाही

आमच्या मोहल्ल्याच्या टोकाला, सदरच्या बाजूला, एक निवृत्त परिचारिका राहतात. धर्माने ख्रिस्ती. त्यांचे नाव सगळ्यांना ठाऊक आहे, पण हाक मात्र लहानथोर सगळे ‘सिस्टर’ अशीच मारतात. कुणाला इंजेक्शन द्यायचे असो, कुणाचे बाळ रात्रभर रडत असो, पहिला पाय त्यांच्या दाराकडे वळतो.

काही वर्षांपूर्वी आमची अम्मी इस्पितळात होती. वय ब्याऐंशी. मूत्रपिंडे निकामी झालेली, त्यात न्यूमोनिया. पाचव्या दिवशी डॉक्टरांनी आम्हा भावंडांना बाहेर बोलावले आणि विचारले, ‘‘श्वास कमी पडू लागला तर व्हेंटिलेटर लावायचा का? आता त्यातून त्या बऱ्या होतील, असं मी सांगू शकत नाही.’’ थोरले भाईजान म्हणाले, लावा. बहीण रडू लागली. मग सगळे माझ्याकडे पाहू लागले. घरात बी.ए. झालेला मी एकटा, शिवाय कविता लिहितो, म्हणजे मला काहीतरी कळत असणार, असा घरच्यांचा समज. मला काहीच कळत नव्हते. त्या संध्याकाळी मी सिस्टरांकडे गेलो. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, ‘‘भाऊ, आमच्यात शिकवतात, मारायचं नाही. पण ओढूनही नाही धरायचं. आणि एक गोष्ट लोक विसरतात. एकटं नाही सोडायचं.’’

सिस्टरांच्या या तीन वाक्यांचा अर्थ शोधत मी पुढे बरेच वाचले, बरेच विचारले. गर्भपात आणि इच्छामरण या दोन प्रश्नांवरची ख्रिस्ती भूमिका आपल्याकडे बहुधा एका शब्दात गुंडाळली जाते. तो शब्द म्हणजे ‘विरोध’. विरोध आहेच, आणि तो कडक आहे. पण तो कशातून आला आणि त्याच्यासोबत कोणती जबाबदारी आली, हे समजून घेतल्याशिवाय त्याच्याशी सहमतही होता येत नाही आणि भांडताही येत नाही. मी पाद्री नाही, डॉक्टर नाही. मी शेजारी आहे. शेजाऱ्याच्या नात्यानेच बोलणार आहे.

या विचाराचे मूळ बायबलच्या पहिल्याच पुस्तकात आहे. देवाने माणसाला आपल्या प्रतिमेसारखे घडवले, ही ती कल्पना. माणसाची किंमत त्याच्या कमाईवर, बुद्धीवर, रूपावर किंवा प्रकृतीवर अवलंबून नाही, हा तिच्यातून निघणारा निष्कर्ष. नाणे झिजले, चेपले, तरी त्यावरचा छाप राजाचाच असतो, तसे हे आहे. पुढे स्तोत्रांत आणि यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकात असाही भाव येतो, की देव माणसाला जन्माच्या आधीपासून, आईच्या उदरात असल्यापासून ओळखतो.

ही कल्पना ज्या काळात पसरली त्या रोमन जगात नको असलेले, अशक्त किंवा व्यंग असलेले मूल उघड्यावर टाकून देण्याची रीत होती. त्यात मुलीही असत. कायदा बापाच्या बाजूने होता. पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या ‘डिडाखे’ नावाच्या छोट्याशा ख्रिस्ती ग्रंथात गर्भ पाडणे आणि जन्मलेले मूल मारणे, दोन्ही एकत्रच निषिद्ध सांगितलेले आहे. इस्लामच्या आधीच्या अरबस्तानातही मुली जिवंत पुरल्या जात आणि कुराणाने त्याचा जाब विचारला. त्यामुळे हा सूर मला परका वाटला नाही.

मात्र परंपरा सुरुवातीपासून अगदी एका रेषेत चालली, असे नाही. तेराव्या शतकातल्या संत थॉमस अक्वायनस यांनी ॲरिस्टॉटलच्या आधाराने असे मानले, की गर्भात मानवी आत्मा काही आठवड्यांनी येतो. त्याआधीचा गर्भपात त्यांनी पापच मानला, पण खून मानला नाही. आमच्याकडे हदीसच्या आधारे एकशेवीस दिवसांनी गर्भात रूह फुंकली जाते असे मानतात, आणि त्याआधी गर्भपाताला किती मुभा यावर इस्लामी विधिज्ञांमध्ये मतभेद आहेत. कॅथलिक चर्चने १८६९ मध्ये आपल्या धर्मदंडाच्या नियमांतून आकाराला आलेला गर्भ आणि न आलेला गर्भ हा भेद काढून टाकला. गर्भधारणेच्या क्षणापासून जीव पूर्ण रक्षणाला पात्र, ही आजची कॅथलिक भूमिका. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९५च्या ‘इव्हॅन्जेलियम व्हिटे’ या परिपत्रकात गर्भपात आणि इच्छामरण या दोहोंचा एकत्र निषेध केला, तो याच पायावर.

सगळे ख्रिस्ती असे एका आवाजात बोलतात असेही नाही. आमच्या सदरमध्ये दोन कॅथेड्रल आहेत. सेंट फ्रान्सिस डी सेल्स हे कॅथलिकांचे आणि ऑल सेंट्स हे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे. निरनिराळ्या प्रॉटेस्टंट पंथांनी एकत्र येऊन हे चर्च स्थापन केले, ते २९ नोव्हेंबर १९७० रोजी, आपल्या नागपुरातच. जीव पवित्र आहे, हे प्रॉटेस्टंटही मानतात. पण संततिनियमन कॅथलिक चर्चने १९६८च्या ‘ह्युमाने व्हिटे’ने कृत्रिम साधनांपुरते निषिद्ध ठरवले, तर अँग्लिकन बिशपांनी १९३० मध्येच त्याला मर्यादित मान्यता दिली होती. आईचा जीव धोक्यात असताना किंवा बलात्कारातून गर्भ राहिला असताना काय करावे, यावर अनेक प्रॉटेस्टंट चर्चेस निर्णयाला जागा ठेवतात.

आता आपल्या प्रांताकडे येऊ. मूल टाकून देण्याची गोष्ट रोमची म्हणून ऐकली की दूरची वाटते. पण एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रात काय चालले होते? लहानपणी लग्न, लहानपणी वैधव्य, पुनर्विवाहाला बंदी, आणि घरातल्याच कुणा पुरुषाने फसवले तर विधवेपुढे दोनच वाटा. विहीर जवळ करायची, नाहीतर जन्मलेल्या बाळाचा गळा दाबायचा. कायदा अशा बाईला खुनी ठरवत होता. बाप मोकळा फिरत होता.

१८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला अशाच बालहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली, ती पुढे सौम्य करण्यात आली. वर्तमानपत्रांतून बायकांच्या नीतीवर अग्रलेख झडू लागले, तेव्हा आपल्या विदर्भातल्या, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून पुरुषांनाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. त्याच्याही आधी, १८६३ मध्ये, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. विधवेने गुपचूप यावे, बाळंत व्हावे, मूल सोबत न्यावे किंवा ठेवून जावे. अशाच एका विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला. जोतीराव ख्रिस्ती झाले नाहीत, पण पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले होते.

पंडिता रमाबाई १८८३ मध्ये ख्रिस्ती झाल्या. १८९६-९७च्या दुष्काळात त्या आपल्या मध्य प्रांतात आल्या आणि उपासमारीने रस्त्यावर आलेल्या, दलालांच्या तावडीत सापडू पाहणाऱ्या मुलींना व विधवांना सोबत घेऊन गेल्या. दौंडजवळच्या केडगावला ‘मुक्ती’ उभी राहिली. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या बायकांसाठी तिथे ‘कृपासदन’ होते. अंध बायकांसाठी वेगळी सोय होती. धर्मांतरावरून रमाबाईंवर त्या काळी टीका झाली, आजही होते. तो वाद इथे काढत नाही. मला दिसते ते एवढेच, की जीव पवित्र आहे असे म्हणणाऱ्या या बाईने त्या जिवांना जेवू घातले, शिकवले, छापखान्यात आणि शेतात काम दिले.

सिस्टरांच्या तिसऱ्या वाक्याचा हा अर्थ. ‘हा जीव घेऊ नका’ असे सांगणाऱ्याने ‘मग तो माझ्याकडे द्या’ असे म्हणायची तयारी ठेवली पाहिजे. ही तयारी असते तिथे त्या भूमिकेला वजन येते. नसते तिथे काय होते, त्याचीही उदाहरणे आहेत, आणि ती लपवता येणार नाहीत.

आपल्या देशातला गर्भपाताचा कायदा १९७१चा. त्याचा पाया घालणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा. अडाणी हातांनी, काड्या आणि जडीबुटी वापरून केलेल्या गर्भपातांत बायका मरत होत्या, हे त्यामागचे एक मोठे कारण होते. कायद्याने वीस आठवड्यांपर्यंत, ठरावीक कारणांसाठी, डॉक्टरच्या हातून गर्भपाताची परवानगी दिली. २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीने काही वर्गांतल्या स्त्रियांसाठी ही मर्यादा चोवीस आठवडे झाली, आणि गर्भात गंभीर व्यंग असल्यास वैद्यकीय मंडळाच्या निर्णयाने त्यापुढेही परवानगी मिळू शकते.

ख्रिस्ती मंडळी या कायद्याला विरोध करताना मुलींचा दाखला देतात, आणि तो दाखला टाळता येण्यासारखा नाही. सोनोग्राफी आली आणि गर्भातच मुली कमी होऊ लागल्या. महाराष्ट्राने १९८८ मध्ये, देशात सर्वांत आधी, गर्भलिंगनिदानावर निर्बंध घालणारा कायदा केला. तरीही सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे मुलींची संख्या २००१ मध्ये ९१३ होती, ती २०११ मध्ये ८९४ झाली. बीड जिल्ह्यात ८०७. या कायद्यासाठी लढणाऱ्या स्त्री-संघटनांचे म्हणणे मात्र वेगळे होते. गर्भपाताचा हक्क हवा, मुलगी म्हणून गर्भ काढणे नको, असे त्या म्हणत होत्या. हा फरक सिस्टरांना पटत नाही. ‘‘मुलगी आहे म्हणून नको आणि आजारी आहे म्हणून नको, यात फरक काय?’’ असे त्या मला विचारतात. मी म्हणतो, पहिल्यात दोष समाजाचा असतो, दुसऱ्यात ओझे एका आईवर पडते. आमचा वाद तिथेच थांबतो. तो अजून मिटलेला नाही.

२००८ मध्ये मुंबईतल्या एका दांपत्याने डॉ. निखिल दातार यांच्यासह मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. गर्भाच्या हृदयात गंभीर दोष आहे हे चोवीस आठवड्यांच्या सुमाराला कळले होते. तेव्हाची मर्यादा वीस आठवड्यांची. न्यायालयाने ऑगस्टमध्ये परवानगी नाकारली. गर्भपाताच्या विरोधकांनी या निकालाचे स्वागत केले. त्या दांपत्याचा प्रश्न साधा होता. जन्मल्यावर या बाळाचे उपचार, शस्त्रक्रिया, रात्रीची जागरणे कोण करणार? काही दिवसांतच त्या बाईचा गर्भ आपोआप पडला आणि प्रश्न उत्तराविना राहिला. पण देशभर चर्चा झाली आणि पुढे २०२१ मध्ये कायदा बदलला, त्या प्रवासाची सुरुवात इथून झाली.

दुसरे उदाहरण आपल्या सीमाभागाशी जोडलेले आहे. सविता हलप्पनवार ही बेळगावची दंतवैद्य. वय एकतीस. नवऱ्यासोबत आयर्लंडमध्ये राहत होती. ऑक्टोबर २०१२ मध्ये, सतराव्या आठवड्यात, तिला गॉलवेच्या रुग्णालयात दाखल केले. गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट झाले होते. तिने गर्भपाताची विनंती केली. गर्भाच्या हृदयाचे ठोके चालू असल्याने ती मान्य झाली नाही. हा कॅथलिक देश आहे, अशा अर्थाचे उत्तर तिला मिळाले होते, हे पुढे चौकशीत समोर आले. दरम्यान शरीरात जंतुसंसर्ग पसरला. २८ ऑक्टोबरला ती गेली. देखरेखीतही अनेक चुका झाल्याचे अहवालांनी दाखवून दिले. आयर्लंडच्या राज्यघटनेत १९८३ पासून आई आणि गर्भ यांना जगण्याचा समान हक्क देणारे कलम होते. मे २०१८च्या सार्वमतात ६६ टक्क्यांहून जास्त मतदारांनी ते रद्द करण्याच्या बाजूने मत दिले. बेळगावच्या एका मुलीचा फोटो हातात घेऊन डब्लिनच्या रस्त्यांवर लोक चालले होते.

हे मी सिस्टरांना सांगितले तेव्हा त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘‘आईचा जीव वाचवण्यासाठी उपचार करताना गर्भ गेला, तर त्याला आमच्यात खून म्हणत नाहीत. तिथे लोक घाबरले.’’ त्यांचे म्हणणे खरे आहे. हेतू उपचाराचा आणि गर्भाचा मृत्यू हा त्याचा न टाळता येणारा परिणाम असेल, तर कॅथलिक नीतिशास्त्र त्याला परवानगी देते. आयर्लंडच्या बिशपांनीही तेव्हा तसे निवेदन काढले. पण धर्मशास्त्रातला बारकावा कायद्याच्या कलमात उतरला, की डॉक्टरला त्यात तुरुंग दिसू लागतो. आईकडे पाहणारा डोळा मग कलमाकडे पाहू लागतो. अर्धी शिकवण कायदा झाली आणि दुसरी अर्धी घरी राहिली, असे मला वाटते.

आता आयुष्याच्या दुसऱ्या टोकाकडे. इच्छामरणाचा विषय निघाला की ख्रिस्ती लोक इतके सावध का होतात, ते समजायला जर्मनी आठवावी लागते. हिटलरच्या राजवटीत मतिमंद, मनोरुग्ण आणि अपंग माणसांना ‘जगण्यास अपात्र’ ठरवून विषारी वायूने मारण्याची गुप्त योजना चालली. ऑगस्ट १९४१ पर्यंत सुमारे सत्तर हजार माणसे अशी मारली गेली. तिला दयामरणाचे नाव दिलेले होते. त्या महिन्यात म्युन्स्टरचे कॅथलिक बिशप फॉन गालेन यांनी भर चर्चमध्ये प्रवचन करून हे उघड केले. उपयोग संपला म्हणून माणूस मारता येत असेल, तर उद्या म्हातारे आणि जखमी सैनिकही सुटणार नाहीत, असा त्यांचा युक्तिवाद होता. प्रवचनाच्या प्रती हातोहात फिरल्या आणि त्याच महिन्यात हिटलरला ती योजना अधिकृतपणे थांबवावी लागली. छुपे खून पुढेही चालू राहिले. पण किंमत लावण्याचा अधिकार एकदा माणसाच्या हाती दिला की काय होते, हा धडा चर्च विसरलेले नाही.

आपल्याकडची परंपरा वेगळी. नागपूरहून वर्ध्याकडे निघाले की धाम नदीकाठी पवनारला विनोबांचा आश्रम लागतो. नोव्हेंबर १९८२ मध्ये आजारी विनोबांनी अन्न, पाणी आणि औषध थांबवले आणि १५ तारखेला देह ठेवला. देशाने त्यात संताचे प्रस्थान पाहिले. त्याच विनोबांनी ‘कुराणसार’ आणि ‘ख्रिस्तधर्मसार’ तयार केले होते. ख्रिस्ती दृष्टीने विचार केला तर इथे प्रश्न उभा राहतो. देह माझा आहे, की देवाने राखायला दिलेला आहे? आम्ही मुसलमानही देहाला अमानत म्हणतो. तरी पवनारला त्या समाधीजवळ उभे राहिल्यावर कुणाला दोष द्यावा असे मला कधी वाटले नाही.

आणि आता अरुणा शानबाग. मुंबईच्या केईएम रुग्णालयातली पंचवीस वर्षांची परिचारिका. २७ नोव्हेंबर १९७३ला तिथल्याच एका सफाई कामगाराने कुत्र्याच्या साखळीने गळा आवळून तिच्यावर अत्याचार केला. मेंदूचा रक्तपुरवठा थांबला. त्यानंतर बेचाळीस वर्षे ती त्याच रुग्णालयात अंथरुणावर होती. पत्रकार पिंकी विराणी यांनी तिच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, की तिचे अन्न थांबवून तिला सुटका द्यावी. केईएमच्या परिचारिकांनी याला ठाम विरोध केला. त्या पिढ्यान् पिढ्या तिला भरवत होत्या, अंघोळ घालत होत्या. ज्यांनी तिला कामावर असताना कधी पाहिलेही नव्हते, अशा नव्या मुलीही. इतक्या वर्षांत तिला अंथरुणाची जखम होऊ दिली नाही, याची न्यायालयानेही नोंद घेतली. ७ मार्च २०११ रोजी न्या. मार्कंडेय काटजू आणि न्या. ज्ञानसुधा मिश्रा यांनी याचिका फेटाळली. तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार तिची सेवा करणाऱ्यांचा आहे, असे त्यांनी म्हटले. त्याच निकालाने उच्च न्यायालयाच्या परवानगीने उपचार थांबवण्याची वाटही देशात प्रथमच उघडली. अरुणा १८ मे २०१५ला न्यूमोनियाने गेली.

केईएम हे महापालिकेचे रुग्णालय. तिथल्या परिचारिका सर्व धर्मांच्या. त्यांनी कोणतेही परिपत्रक वाचून हे केले नव्हते. पण ‘सोडायचे नाही’ म्हणजे काय, याचे याहून मोठे उदाहरण मला ठाऊक नाही. विराणींचाही राग मी समजू शकतो. एवढे जगणे तिने मागितले होते का, हा त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. फरक इतकाच, की उत्तर देण्याचा हक्क कुणाचा, यावर न्यायालयाने हात धरणाऱ्यांकडे बोट दाखवले.

मग सिस्टरांचे मधले वाक्य? ओढून धरायचे नाही? त्याचाही आधार आहे. १९५७ मध्ये पोप बारावे पायस यांनी भूलतज्ज्ञ डॉक्टरांच्या प्रश्नांना उत्तर देताना सांगितले, की नेहमीचे उपचार करणे हे कर्तव्य आहे, पण रुग्णावर आणि घरच्यांवर असह्य ओझे टाकणारे असाधारण उपाय करणे बंधनकारक नाही. वेदना थांबवणारे औषध दिल्याने आयुष्य थोडे कमी होण्याची शक्यता असली, तरी हेतू वेदनाशमनाचा असेल तर ते देता येते, हेही त्यांनी त्याच वर्षी मान्य केले. म्हणजे मृत्यू घडवणे निषिद्ध, मृत्यूला येऊ देणे नव्हे. मात्र अन्नपाणी हे उपचार नसून साधी शुश्रूषा आहे आणि ते नळीने दिले तरी सहसा थांबवू नये, असे जॉन पॉल दुसरे यांनी २००४ मध्ये सांगितले. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८च्या निकालात सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि आपल्या अखेरच्या उपचारांविषयी आधीच लेखी इच्छापत्र करण्याची सोय दिली. २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. आता ते नोटरीसमोर करता येते. चर्च आणि न्यायालय काही अंतर सोबत चालतात आणि अन्नाच्या नळीपाशी त्यांच्या वाटा फुटतात.

राहिले वेदनेचे. ‘मला मरू द्या’ असे म्हणणारा माणूस पुष्कळदा ‘माझे दुखणे थांबवा’ आणि ‘मी तुमच्यावर ओझे झालोय का’ असे म्हणत असतो. हे ओळखले ते सिसिली साँडर्स यांनी. आधी परिचारिका, मग डॉक्टर, श्रद्धेने ख्रिस्ती. त्यांनी १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हे शुश्रूषागृह काढले. बऱ्या न होणाऱ्या रुग्णाला वेळेवर वेदनाशामक द्यायचे, शेजारी बसायचे, घरच्यांनाही सांभाळायचे, ही आजच्या परिहार-सेवेची सुरुवात. भारतातले असे पहिले शुश्रूषागृह मुंबईत, वांद्र्याला, १९८६ मध्ये सुरू झाले. शांती अवेदना. कर्करोगाचे शल्यविशारद डॉ. ल्युईस डिसूझा यांनी ते उभारले. तिथे कोणत्याही धर्माचा रुग्ण शेवटचे दिवस काढू शकतो. १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यामुळे मॉर्फिन मिळणे आपल्याकडे फार अवघड झाले होते. २०१४च्या दुरुस्तीने वाट थोडी मोकळी झाली. तरी आजही खेडोपाडी कितीतरी माणसे निव्वळ औषधाअभावी किंचाळत मरतात. अशा घरात जाऊन इच्छामरण वाईट आहे हे सांगायचा अधिकार कुणाला आहे? माझ्या मते, जो हातात औषध घेऊन जातो, त्यालाच.

अम्मीचे पुढे काय झाले, ते सांगतो आणि थांबतो. आम्ही व्हेंटिलेटर लावला नाही. मशिदीतल्या इमामसाहेबांनीही सांगितले, की बरे होण्याची आशा संपल्यावर यंत्र न लावण्यात गुनाह नाही. तिला घरी आणले. अकरा दिवस ती होती. सिस्टर रोज संध्याकाळी येत. दर दोन तासांनी कूस कशी बदलायची, ओठ ओल्या कापसाने कसे टिपायचे, चमच्याने पाणी किती द्यायचे, हे त्यांनी आम्हाला शिकवले. कविता लिहिणाऱ्या या हातांना पन्नाशीत प्रथमच आईचे पाय पुसता आले. शेवटच्या दिवशी सगळे खोलीत होते. सिस्टर दाराशी उभ्या होत्या. आम्ही आमची दुआ म्हणत होतो, त्या त्यांची प्रार्थना पुटपुटत होत्या.

भाईजान अजूनही कधीतरी म्हणतात, ‘‘मशीन लावली असती तर?’’ मी उत्तर देत नाही, कारण ते माझ्याकडे नाही. पण रात्री तो प्रश्न आला, की मला अम्मीची ती कूस आठवते, जी दर दोन तासांनी आम्ही बदलत होतो. गर्भातला जीव असो की अंथरुणावरचा, त्याच्याविषयी मत द्यायला कुणीही पुढे येते. मत देणाऱ्याला मी आता एकच विचारतो. कूस बदलायला तुम्ही येणार का?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)